डोनलमास्तर आणि आंघोळीची चाल

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. आमच्या ह्यांना नाही, लेकीला नाही, आणि ज्यांना सांगायलाच हवं होतं त्या डोनलमास्तरांना तर नाहीच. आता मास्तर गेले. तुम्हाला सांगते, कारण तुम्ही माझे कोणी नाही—आणि वय झालं की माणसाची लाज जरा सैल होते. तरुणपणी ती मला फार होती, आणि नको तिथे होती.

पण आधी मास्तरांबद्दल सांगू द्या. मूळ मुद्द्याला बगल देतेय असं वाटेल तुम्हाला. देतेच आहे.

आयर्लंडमधल्या मलिंगारला आम्ही आलो ते ह्यांच्या नोकरीसाठी. हे डॉक्टर, आणि मी 'डॉक्टरांची बायको'—ही माझी तिथली पूर्ण ओळख. गावात दुसरं मराठी घर नव्हतं. आता स्वोर्ड्सला लेकीकडे गेले की बसमध्येसुद्धा मराठी कानावर पडतं, 'अगं तो लिफ्टचा कोड सांग ना' वगैरे. तेव्हा हे दिवसभर दवाखान्यात, मला मराठी ऐकायचं तर स्वतःशीच बोलावं लागे. आणि मी तशी बोलायचेही. शेजारच्या ब्रीडाला वाटायचं मी प्रार्थना करते. मी भाजीला शिव्या देत असायचे.

डोनलमास्तर आमच्या घरामागच्या चर्चमध्ये ऑर्गन वाजवायचे. दिवसा शाळेत शिकवायचे, म्हणून सगळा गाव त्यांना मास्टर म्हणे. मी लगेच त्यांचं मास्तर करून टाकलं. उंच, हाडकुळा माणूस. खिशात पेपरमिंटच्या गोळ्या, हातात एक कापडी पिशवी, आणि पिशवीत पातळ तळव्यांचे काळे बूट. ऑर्गन पायांनीही वाजवतात हे मला तेव्हा कुठे ठाऊक? मला वाटायचं, हे गृहस्थ देवळात नाचायला जातात की काय.

ते चाली बांधायचे. मोठ्या पदव्यांच्या संगीतकारांसारख्या नव्हे—गावाला लागतील तशा. कुणाचं लग्न, कुणाचा मृत्यू, पोस्टातली बाई निवृत्त झाली, सगळ्याला मास्तरांची काहीतरी नवी चाल असायची. आणि एक सवय होती त्यांना. चालीतला एक तुकडाही दुसऱ्याकडून आलेला असला, तर ते खाली त्याचं नाव लिहायचे. दूधवाल्याच्या शिट्टीवरून एक प्रार्थना केली होती, तर दूधवाल्याचं नाव. मी एकदा विचारलं, एवढं कशाला? म्हणाले, "माझं नसेल ते माझं म्हणून वाजवलं, तर हात जड होतात." हे लक्षात ठेवा. मी ठेवलं नाही.

माझ्या लेकीच्या, मुक्ताच्या, बाळंतपणाला खरं तर माझी आई यायची होती. पहिलं बाळंतपण माहेरचं, ही आपली रीत. पण आईचं गुडघ्याचं ऑपरेशन निघालं आणि तिच्याऐवजी सासूबाई आल्या. मी पुण्याची, सासर कराडचं. आता सांगताना हसू येतं, पण तेव्हा मला वाटायचं, पुण्याहून कराड म्हणजे एका संस्कृतीतून दुसऱ्या संस्कृतीत जाणं. सासूबाई नऊवारी नेसायच्या, त्यावर लोकरी मोजे आणि ह्यांचं जुनं जाकीट. बाळाला आंघोळ घालायची तर त्या बाथटबमध्ये उतरायच्या, लुगडं वर खोचून पाय पसरून बसायच्या, आणि पायांवर मुक्ताला पालथं टाकायच्या. बाळ बघायला घरी नर्स आली तेव्हा मला जमिनीनं पोटात घ्यावं असं झालं. नर्स दारात उभी राहून बघत राहिली आणि म्हणाली, हे तर ग्रँडच आहे—छानला तिथे ग्रँड म्हणतात—पोर बघा कसं झोपाळलंय. लाज मला एकटीला वाटत होती, दुसऱ्या कुणाला नाही. पण एवढं कळायला अक्कल लागते, आणि ती मी पुण्याला ठेवून आले होते.

आंघोळ घालताना त्या गुणगुणायच्या. शब्द असे नाहीतच—हूं हूं, मधेच बाळाचं नाव, मधेच ह्यांचं लहानपणचं नाव. तांब्या वर जाई तसा सूर वर चढे, वर जरा थांबे, आणि पाणी अंगावर आलं की अलगद खाली येई. मी एकदा विचारलं, कुठलं हो हे? "कुठलं म्हणजे? माझंच. थोरला फार रडायचा आंघोळीला, तेव्हा सुचलं." एवढं बोलून पुन्हा तांब्या भरला. आपण काही रचलं आहे असं त्या बाईच्या चेहऱ्यावर कुठे नव्हतं.

त्या परत गेल्या. पुढच्या शरद ऋतूत मी बाबागाडी घेऊन बाहेर पडले असताना पाऊस आला म्हणून चर्चमध्ये शिरले. वर माडीवर मास्तर सराव करत होते. मुक्ता रडायला लागली. गप्प करायला माझ्या तोंडून दुसरं काय येणार? तेच आलं. हूं हूं. ऑर्गन थांबला. वरून आवाज आला—पुन्हा म्हणा. मी म्हटलं. पुन्हा. मग वरून, त्या एवढ्या मोठ्या नळ्यांमधून, सासूबाईंची आंघोळीची चाल आली. दगडी भिंतींवर आपटून, फिरून, माझ्याभोवती आली. मी तिथेच बाकावर बसले आणि रडले. किती महिन्यांनी कुणीतरी माझ्याशी माझ्या भाषेत बोललं होतं.

मास्तर खाली आले. पेपरमिंट दिली. विचारलं, ही कुणाची?

मी म्हटलं, माझ्या आईची.

का? ते मला माहीत आहे, सांगते. माझ्या आईला सूर म्हणजे काय हे शेवटपर्यंत कळलं नाही. ती आरतीला उभी राहिली की बाबा टाळ जोरात वाजवायचे. पण इतकी सुंदर गोष्ट माझ्याकडे आहे, तर ती माहेरची हवी—पुण्याची हवी—बाथटबमध्ये लुगडं खोचून बसणाऱ्या बाईची नको. एवढंच. एवढा क्षुद्र विचार मी केला, आणि तोही देवाच्या घरात, ओल्या चपलांनी.

मास्तरांनी त्या चालीवर बाप्तिस्म्याची प्रार्थना बांधली. बाळाच्या कपाळावर पाणी ओततात ना, तेव्हा म्हणायची. मी त्यांना सांगितलं होतं की ही आंघोळीची चाल आहे. तेवढं खरं सांगितलं. खाली त्यांनी लिहिलं, 'वसुधाच्या आईची चाल'. गावाला ती फार आवडली. मलाही गायनवृंदात उभं केलं—टिकली लावलेली, ख्रिस्ताचं नाव नीट उच्चारता न येणारी मी. कुणी भुवई उंचावली तर मास्तर म्हणायचे, ही चाल आणणारी बाई आहे, हिला उभं राहू द्या. त्यांनी मला त्या गावात जागा दिली. डॉक्टरांची बायको ही ओळख पुसून मला माझं नाव दिलं. त्या माणसाचं ऋण मी कसं सांगू? माझी तिथली सगळी माणसं, ब्रीडापासून सगळी, त्या माडीच्या जिन्यावरून मला मिळाली. आणि त्या जिन्याची पहिली पायरी खोटी होती.

तुम्हाला वाटेल, झाली कबुली. एवढंच होय? माहेरच्या अभिमानानं एक थाप मारली, सोडून द्या. मीही पुष्कळ वर्षं तसंच म्हणत आले. सासूलाही आपण आईच म्हणतो ना, मग खोटं कुठे झालं—असाही एक युक्तिवाद केला. छान आहे की नाही? वकील व्हायला हवं होतं मी.

पण ही कबुली नव्हे. ती आता सांगते.

मुलाच्या वेळी सासूबाई पुन्हा आल्या. त्याच हिवाळ्यात ब्रीडाच्या धाकट्याचा बाप्तिस्मा होता. आम्हाला बोलावणं, पुढच्या बाकावर. सासूबाईंनी ठेवणीतलं लुगडं काढलं. सगळं कुतूहलानं बघत होत्या—मेणबत्त्या, फादरांचा झगा. "आपल्या बारशासारखंच की गं हे." मग फादरांनी बाळाच्या डोक्याखाली हात धरला, आणि वरून ऑर्गन सुरू झाला.

त्यांना लगेच नाही कळलं. आधी त्यांचा हात हलला. मांडीवर थोपटायला लागला, बाळ असल्यासारखा. मग त्या थांबल्या, आणि माझ्याकडे वळल्या. त्यांचा चेहरा—मी त्यांना कधी तसं बघितलं नव्हतं. लहान मुलीला कुणी गर्दीतून नावानं हाक मारावी तसा.

"वसुधा," म्हणाल्या, "अगं, हे माझं आहे."

आणि मी म्हटलं, "नाही हो आई. हे इथलंच आहे. जुनं. अशा चाली सगळीकडे सारख्याच असतात."

त्या म्हणाल्या, "असेल बाई." आणि मांडीवरचा हात उचलून पदराखाली घेतला.

नंतर मास्तर खाली आले. हात जोडून 'नमस्ते' म्हणाले; मीच शिकवलं होतं. मला विचारलं, याही गातात का? मी म्हटलं, नाही. सासूबाईंनी विचारलं, काय म्हणतात गं? मी म्हटलं, म्हणतात, थंडी फार आहे. त्या हसल्या आणि मास्तरांना म्हणाल्या, "व्हय, लई." मास्तरही हसले. त्या दोघांच्या मधे मी एकटी उभी होते, दोन्ही भाषा येणारी. माझ्याएवढी सोय कुणाची होती?

मास्तरांना कळलं होतं का? ऑर्गनवाल्याची पाठ खालच्या लोकांकडे असते; खाली काय चाललंय ते दिसावं म्हणून समोर एक आरसा टांगलेला असतो. पुढचा बाक त्यात नीट दिसतो. ते आजारी पडले, वृद्धाश्रमात होते, तेव्हा मी दर आठवड्याला जायचे, भाकरी-चटणी घेऊन; तिखट चालायचं त्यांना. एकदा खाता खाता म्हणाले, "तुझ्या सासूबाईंच्या हाताला ताल फार चांगला होता." बास. आणि माझ्याकडे बघत राहिले, पेपरमिंट पुढे करावी तसे. मी चटणीचा डबा बंद केला आणि म्हटलं, उद्या पाऊस आहे म्हणतात. त्यांनी पुन्हा काही विचारलं नाही. त्याबद्दलही मी त्यांची ऋणी आहे, आणि ते ऋण मला सगळ्यात जड जातं.

त्यांच्या अंत्यविधीला चर्च भरून बाहेर रस्त्यापर्यंत माणसं होती. शवपेटीवर पवित्र पाणी शिंपडतात. तेव्हा तीच चाल वाजवली, त्यांचीच इच्छा होती. लोक येऊन माझा हात धरत होते—तुमच्या आईची चाल, किती सुंदर. माझ्या नातीनं तिच्या आयरिश इंग्रजीत कानात विचारलं, आजी, हे तुझ्या मॅमचं, म्हणजे आईचं, आहे? आणि मी, ह्या वयात, त्या माणसाच्या शवपेटीपुढे उभी राहून म्हटलं, हो.

आता गायनवृंदाच्या लोकांनी मास्तरांच्या चालींचं पुस्तक छापायला घेतलंय. परवा नोराचा फोन आला. तीच आता वृंद सांभाळते. 'वसुधाच्या आईची' असं कसं छापायचं, तुझ्या आईचं नाव सांग. मी म्हटलं, आई नाही, सासू. अनसूयाबाई, कराडच्या. चाल त्यांची स्वतःची. नोरा म्हणाली, अरे, काही हरकत नाही, ग्रँड आहे, बदलते. मी तिला पुढचं सांगितलं नाही. एक नाव बदलायला फोनवर मिनिटसुद्धा लागलं नाही.

अनसूयाबाई गेल्या त्याला खूप वर्षं झाली. त्या बाप्तिस्म्यानंतर त्या आमच्याकडे वसंत ऋतूपर्यंत होत्या. मुलाला रोज त्याच आंघोळ घालायच्या, तशाच पाय पसरून. मी दाराबाहेर टॉवेल घेऊन उभी असायचे. आतून तांब्या बुडल्याचा आवाज यायचा, पाणी पडल्याचा, बाळ कुरकुरल्याचा. सासूबाई गायच्या नाहीत. मला ते रोज ऐकू यायचं. दार उघडलं की मी टॉवेल पुढे करायचे.