मेलेल्या दाताचा फोड

"माझं काही नाही मॅडम. तुमी हिची दाढ पाहा," दुधरामभाऊ बाकावरूनच म्हणाले.

दाढ त्यांच्या बायकोची, अनुसयाबाईंची दुखत होती. त्या खुर्चीवर होत्या. दुधरामभाऊ हनुवटीभोवती दुपट्टा गुंडाळून बसले होते. माझा दवाखाना अर्जुनी मोरगावला आहे, हे दोघं केशोरीहून आले होते. घरची धानाची शेती. दाताच्या दवाखान्यात तोंड झाकून बसणारे बरेच असतात, पण ते रुग्ण असतात. सोबत आलेला माणूस सहसा तोंड झाकत नाही.

"हनुवटीला काय झालंय?" मी विचारलं.

"फोड आहे. बसते अन् परत उठते."

"कधीपासून?"

"रोवण्याच्या आधीपासून."

रोवणा म्हणजे भाताची लावणी, ती पावसाळ्यात होते. आता धान कापून, मळून घरात आला होता. कुठलाही फोड इतके महिने राहत नाही.

अनुसयाबाईंनी तोंडातला आरसा हाताने बाजूला केला. "मॅडम, मी सांगते. कॅन्सर झाला म्हनून बसले आहेत. पोरीचं लग्न लावून राहिले. तिची नर्सिंगची परीक्षा बाकी आहे. काऊन घाई करता म्हटलं, तं हे म्हनते, मी राहीन तवा ना!"

"कायले सांगतेस सगळ्याईले?"

"सगळ्याईले नाही. डॉक्टरले सांगून राहिली."

अनुसयाबाईंच्या दाढेला गोळी दिली आणि दुधरामभाऊंना खुर्चीवर बसवलं. ते बसले, पण दुपट्टा सोडायला तयार नव्हते. शेवटी बायकोनेच तो ओढला.

हनुवटीच्या खालच्या कडेला एक बारीक भोक होतं. भोवतालची कातडी आत ओढली गेली होती. दाबल्यावर पूचा एक थेंब आला. दुखलं नाही.

आधी त्यांनी दोन ठिकाणी दाखवलं होतं. एकाने फोड कापून पू काढला, दुसऱ्याने गोळ्या दिल्या. दोन्ही वेळा भोक सुकलं आणि पुन्हा वाहू लागलं. मग दुसऱ्या डॉक्टरांनी नागपूरला जाऊन फोडाचा तुकडा तपासून घ्यायला सांगितलं. दुधरामभाऊ गेलेच नाहीत.

"रिपोर्ट काय येनार, मले माहीत आहे," ते म्हणाले. "लहानपनापासून खर्रा खातो. दवाखान्यात पोस्टर आहे. न भरनारी, न दुखनारी जखम म्हन्जे कॅन्सर."

खर्रा म्हणजे सुपारी, तंबाखू आणि चुना घोटून केलेलं मिश्रण. आमच्याकडे तो चहाइतका सहज मिळतो. पोस्टरवरची सूचना बरोबर होती. फक्त त्यात 'असू शकतो, तपासून घ्या' असं लिहिलेलं असतं. दुधरामभाऊंनी पहिला भाग 'आहे' असा वाचला आणि दुसरा सोडून दिला.

मी आतून तपासलं. खर्रा खाणाऱ्याचं तोंड हळूहळू आखडतं, म्हणून ते किती उघडतं ते आधी पाहायचं. पुरेसं उघडत होतं. गाल, जीभ, जिभेखालची जागा, सगळीकडे बोट फिरवून पाहिलं. घट्ट गाठ नव्हती, पांढरा किंवा लाल चट्टा नव्हता. मानेतल्या गाठीही हाताला लागल्या नाहीत.

"कुठला दात दुखतो?"

"एकही नाही." हे उत्तर त्यांनी आधीच्या दोन्ही डॉक्टरांना दिलं होतं. ते खरं होतं.

खालच्या पुढच्या दातांवर खर्र्याचा काळपट थर होता. तो थर मशीनने काढला. त्याला स्केलिंग म्हणतात. त्याने दात ढिले होतात असा समज आहे, तो चुकीचा आहे. थर निघाल्यावर बाकीचे दात पिवळसर दिसू लागले. मधला एक मात्र राखाडीच राहिला. खर्र्यामुळे सगळेच दात काळे होते, त्यामुळे तो वेगळा ओळखू येत नव्हता.

जिवंत दाताला गारवा झोंबतो, म्हणून बर्फासारखा गार कापूस एकेका दाताला लावला. शेजारच्या दातांना लावल्यावर दुधरामभाऊ दचकले. राखाडी दाताला लावल्यावर ते नुसते माझ्याकडे बघत राहिले.

"या दाताला कधी मार लागला होता?"

"नाही."

"काऊन खोटं बोलता?" अनुसयाबाई बाकावरून म्हणाल्या. "शंकरपटात धुरकरी व्हायचा शौक होता ना! बैल निंगून गेले अन् हे तोंडावर पडले. पोरगी तवा मांडीवर होती."

"ते जुनं झालं. तो दात तवाच मरून गेला."

"मरून गेला म्हणजे?"

"आठ-पंधरा दिवस ठनकला. मंग मेला. कटकट गेली."

शंकरपट म्हणजे बैलजोड्यांची शर्यत, आणि धुरकरी म्हणजे ती जोडी हाकणारा. आणि 'दात मेला' हा आमच्या भागात समाधानाने वापरायचा शब्द आहे. ठणका थांबला, विषय संपला. शब्द अगदी अचूक आहे. मार लागल्यावर दाताच्या आतली नस खरोखरच मरू शकते आणि मग ठणका थांबतो. पण मेलेली नस दाताच्या आतच राहते आणि सडते. तिचा पू मुळाच्या टोकाशी साठतो, हाड पोखरतो आणि बाहेर पडायला वाट शोधतो. बहुतेकदा ती वाट हिरडीत उघडते. खालच्या पुढच्या दाताचं मूळ खोल असलं, तर कधी कधी हनुवटीवर. मधे कितीही वर्षं जाऊ शकतात.

खात्री करायची एक सोपी पद्धत आहे. दाताची मुळं भरायला वापरतात ती रबरासारखी बारीक काडी हनुवटीच्या भोकातून अलगद आत सरकवली आणि एक्स-रे काढला. काडी फिल्मवर पांढरी दिसते. ती वर जाऊन त्याच राखाडी दाताच्या मुळाशी थांबली होती. तिथे हाडात गोल काळा डाग होता.

फिल्म दोघांना दाखवली. अनुसयाबाईंना लगेच समजलं. दुधरामभाऊंनी काळ्या डागावर बोट ठेवलं.

"म्हन्जे कॅन्सर नाही?"

"दाताचा पू आहे असं सगळं सांगतंय. रूट कॅनल करू. भोक बुजलं तर तोच पुरावा. नाही बुजलं तर तुकडा तपासायचा, आणि तेव्हा मागे हटायचं नाही."

"कागदावर लिहून द्या, कॅन्सर नाही म्हनून."

"आज नाही देत."

"काऊन?"

"भोक अजून उघडं आहे म्हणून."

रूट कॅनल म्हणजे दातात वरून छिद्र करून आतली नस काढायची, पोकळी साफ करायची आणि बंद करायची. नस मेलेली असली तर बहुधा फारसं दुखत नाही. छिद्र पडताच घाण वासाचा पू बाहेर आला. आत औषध ठेवून दात तात्पुरता बंद केला. हनुवटीच्या फोडाला काहीही लावलं नाही. दुधरामभाऊंना ते पटलं नाही. "फोड खाली अन् इलाज वर?" असं ते जाताना बायकोला म्हणत होते.

पुढच्या खेपेला भोक कोरडं होतं. अनुसयाबाईंची दाढ त्या दिवशी काढली. त्यानंतरच्या खेपेला भोकाच्या जागी फक्त बारीक खळी होती. मी दाबून पाहिलं. मग दुधरामभाऊंनी स्वतः दाबलं, माझ्याहून जोरात, आणि बोट उजेडात धरलं. बोट कोरडं होतं.

दाताचं मूळ कायमचं भरून टाकलं.

"आता खर्रा चालते ना?" त्यांनी विचारलं.

"हा फोड खर्र्याने नव्हता. पुढचा असू शकतो."

"ऐका!" अनुसयाबाई म्हणाल्या. दाढ काढल्यापासून त्या कमी बोलत होत्या, पण हे स्पष्ट बोलल्या. खर्रा सुटेल की नाही ते मला माहीत नाही. दर सहा महिन्यांनी तोंड दाखवायचं मात्र दुधरामभाऊंनी कबूल केलं.

उठायच्या आधी त्यांनी खुर्चीवरूनच होणाऱ्या व्याह्यांना फोन लावला.

"राम राम समधीजी. मी काय म्हनत होतो, लग्न पोरीच्या परीक्षेनंतर ठेवू आपन... नाही, नाही, तब्येत एकदम चांगली आहे. म्हनूनच म्हनून राहिलो."

अनुसयाबाईंनी पदर तोंडाला लावला. हसत होत्या की रडत होत्या, ते मी पाहिलं नाही. बाहेर पुढचा रुग्ण थांबला होता.

दाताचं दुखणं इलाजाशिवाय थांबलं, तर दात बरा झाला असं समजू नये. डॉक्टरांसाठीही यात एक गोष्ट आहे. 'दात दुखतो का' याचं उत्तर रुग्ण देतो. 'कधी दुखत होता' याचं उत्तर बहुतेकदा त्याची बायको देते.