सहाव्या ट्रॅकवरच्या सुलाबाई

हर्षल पगारे आठ वर्षं रॅप लिहीत होता. दिवसभर तो एका लॅबसाठी घरोघर जाऊन रक्ताचे नमुने गोळा करायचा आणि सिग्नलला थांबला की मोबाईलमध्ये ओळी टाकायचा. त्याचा मित्र सनी पहिला अल्बम काढत होता. सहाव्या ट्रॅकमध्ये सोळा ओळी तुझ्या, असं त्याने सांगितलं, त्या दिवशी हर्षलने लॅबमध्ये पेढे वाटले.

त्या सोळा ओळी त्याने आईवर लिहिल्या. सुलाबाई देवळाली कॅम्पात एका लष्करी बंगल्यावर स्वयंपाकाला जायच्या. भेगाळलेले हात, चुलीचा धूर, सोसलेलं दुःख, सगळं त्याने त्यात घातलं होतं.

रेकॉर्डिंग रविवारी सकाळी होतं. तिथून आईला कॅम्पात सोडायचं म्हणून तो तिला बरोबरच घेऊन गेला. स्टुडिओ म्हणजे गंगापूर रोडला टाइल्सच्या दुकानावरची एक खोली, भिंतींना गाद्या लावलेली. हर्षलने आपल्या ओळी चौदा वेळा म्हटल्या. सनी दर वेळी "अजून एकदा" म्हणत राहिला. शेवटी चहा आला.

सनीने सहज विचारलं, "मावशी, कॅम्पात किती वर्षं झाली?"

"बावीस. त्या बंगल्यात आठ साहेब येऊन गेले. सगळ्यांच्या बदल्या झाल्या, माझी नाय झाली."

बीट बनवणारा ओम एकदम मान वर करून बघायला लागला. सनीने कप खाली ठेवला. "मावशी, हेच जरा इकडे बसून बोलता का?"

सुलाबाई माइकसमोर बसल्या. कुठल्या साहेबांना तिखट चालायचं नाही, कुणाची मुलगी जाताना कमरेला मिठी मारून रडली, तिचं सामान ट्रकमध्ये चढत असतानाच पुढच्या साहेबांचा ट्रक कसा दारात येऊन उभा राहिला, ते त्या बोलत गेल्या. एकदाच. परत म्हणायला कुणी सांगितलं नाही.

महिन्याने सनीने कव्हर दाखवलं. सहाव्या ट्रॅकपुढे सहभाग म्हणून त्याच ट्रॅकवर गायलेली घोटीची रॅपर तेजस्विनी आणि सुलाबाई पगारे. हर्षलच्या सोळा ओळी काढल्या होत्या, त्याचं नाव खाली, आभारात होतं.

"तू आईवर लिहिलंस आणि मावशी स्वतःच बोलल्या," सनी म्हणाला. "दोन्ही कसं ठेवू, तूच सांग."

हर्षलने मान हलवली. घरी आल्यावर आईने भाजी वाढली तेव्हा ती खारट आहे म्हणून त्याने ताट सरकवलं. भाजी खारट नव्हती.

पुढे अल्बमचा कार्यक्रम ठरला. मावशींनी स्टेजवर यावं, असा सनीचा फोन आला. हर्षल म्हणाला, "तिचे गुडघे फार दुखतात. जिना चढता येत नाही." घरी त्याने यातलं काहीच सांगितलं नाही.

दोन दिवसांनी सनी सफरचंदं घेऊन घरी हजर झाला. सुलाबाई स्टुलावर उभ्या राहून पंखा पुसत होत्या.

"मावशी, गुडघे?"

त्यांनी सनीकडे पाहिलं, मग हर्षलकडे. "आज जरा उतार हाय," म्हणाल्या आणि सावकाश खाली उतरल्या. कार्यक्रमाचं त्यांना तेव्हाच कळलं. सनी जाताच त्या हर्षलकडे वळल्या.

"माझ्या गुडघ्याला काय झालं रे?"

"आठ वर्षं लिहितोय मी, आई. तू चहा पिता पिता चार वाक्यं बोललीस."

"मग काय, बोलायचं नव्हतं?"

त्याने सफरचंदांची पिशवी उचलून ओट्यावर ठेवली.

"तू माझ्यावर लिहिलंस ते मी ऐकलं तिथं. चूल कुठं हाय रे आपल्याकडं? तुझ्या जन्माच्या आधीपासून गॅस हाय. त्या पोराने मला विचारलं तरी. तू कधी विचारलं नाय."

कार्यक्रमाला हर्षलच त्यांना घेऊन गेला. सुलाबाई खुर्चीवर बसून बोलल्या. "माझी नाय झाली" हे शेवटचे शब्द समोरच्या दोनशे पोरांनी त्यांच्याआधी म्हटले. त्या लाजल्या आणि हसल्या. आईला असं हसताना हर्षलने कधी पाहिलं नव्हतं, आणि त्याला बरं वाटलं नाही. बाजूच्या मुलीने विचारलं, "तुम्ही त्यांचे कोण?"

"ओळखीचा," तो म्हणाला. मग थोड्या वेळाने तिच्याकडे वळून म्हणाला, "मुलगा."

नंतरच्या रविवारी आई कणीक मळत होती. तो जवळ जाऊन बसला आणि त्याने पहिल्या साहेबांचं नाव विचारलं.

"हेही गाण्यात घालणार का?" सुलाबाईंनी विचारलं.

"माहीत नाही," तो म्हणाला. त्याने मोबाईल काढला नाही. सुलाबाई त्याच्याकडे न बघता सांगायला लागल्या.