वीस कीबोर्ड आणि एक गुंडी

चहा गार होत चालला तरी नवरा खाली येईना, म्हणून टायपिंगबाई गच्चीवर गेल्या आणि दारातच थिजल्या.

गच्चीभर चार चादरी अंथरलेल्या. चारही कोपऱ्यांवर दुकानातल्या जुन्या इस्त्र्या ठेवून ताणलेल्या. आणि त्यांवर पसरलेले बोटाच्या पेराएवढे हजारो चौकोन. काळे, पांढरे, राखाडी. सगळे लख्ख, उन्हात नुसते चमकत होते. मध्ये त्यांचा नवरा विजार गुडघ्यापर्यंत दुमडून, एका हातात गाळणी घेऊन उभा. चेहरा असा, की आत्ता कुणीतरी येऊन गळ्यात हार घालणार आहे.

"हे काय?"

"बटणं!" लाँड्रीवाले म्हणाले. "काल तूच म्हणालीस ना, कीबोर्ड पुसून ठेवा. अगं, पुसतात काय? चाळीस वर्षांत मी कुणाचा शर्ट पुसून परत दिलाय? एकूण एक काढली, चमच्याने. कोमट पाण्यात भिजवली, दोनदा खळबळून काढली. काय मळ निघाला म्हणून सांगू! पाणी नव्हतं ते, डांबर होतं."

"किती कीबोर्डची?"

"वीसच्या वीस. दोन हजार ऐंशी नग."

"आणि कुठल्या कीबोर्डची कुठली, ते?"

लाँड्रीवाल्यांनी गाळणीकडे पाहिलं. मग चादरींकडे. ज्या माणसाने चाळीस वर्षांत एकाचा पायमोजा दुसऱ्याच्या गठ्ठ्यात जाऊ दिला नाही, कॉलरच्या आत न पुसणाऱ्या शाईने खूण केल्याशिवाय एक रुमालही पाण्यात टाकला नाही, त्याचा आवाज एकदम बारीक झाला.

"एकाच टबात धुतली गं."

सकाळचे साडेनऊ वाजले होते. ट्रक चारला येणार होता.

टायपिंगबाईंना रडायला वेळ नव्हता आणि तशी सवयही नव्हती. सत्तावीस वर्षं त्यांनी लाँड्रीच्या वरच्या खोलीत टायपिंगचा क्लास चालवला. लग्नही त्या खोलीमुळेच झालं. खालच्या वाफेने कागद दमट होतात म्हणून त्या भांडायला खाली उतरल्या. दुसऱ्या दिवशी लाँड्रीवाल्याने न बोलता वाफेची नळी मागच्या अंगाला फिरवून घेतली. असं ऐकणारा माणूस पुन्हा भेटणार नाही, हे बाईंनी ताबडतोब ओळखलं.

पुढे टाइपरायटर गेले, क्लास बंद पडला. एका जुन्या विद्यार्थिनीने आपला बंद कॉम्प्युटर आणून टाकला, "बाई, फेकायचाच आहे, तुम्ही बघा काय होतंय का." बाईंनी तो उघडला. आत धुळीची गोधडी. ती झाडली, मेमरीच्या हिरव्या पट्टीची सोनेरी टोकं खोडरबरने घासली, पट्टी परत खोचली आणि बटण दाबलं. पडदा उजळला तेव्हा त्या इतक्या मोठ्याने ओरडल्या, की खालची गिऱ्हाइकं इस्त्रीचे कपडे टाकून वर धावली. तेव्हा त्या बावन्न वर्षांच्या होत्या. या वयात लोक गुडघ्यांच्या तक्रारी सुरू करतात.

मग घरोघरी कपडे धुण्याची मशिनं आली, लाँड्रीही बंद झाली आणि तिथे बाईंचा कारखाना सुरू झाला. इस्त्रीच्या लांब टेबलावर कॉम्प्युटर, हँगरच्या दांड्यावर केबली. कचेऱ्या, कॉलेजं, दवाखाने जुनी मशिनं टाकून द्यायचे, बाई ती उचलून आणायच्या, तिनांतून दोन चालू करायच्या आणि ज्या शाळांनी कॉम्प्युटर फक्त पुस्तकातल्या चित्रात पाहिला होता तिथे पाठवायच्या. त्यांची पद्धत साधी होती. मशीन सहा तास सलग चाललं पाहिजे, त्यावर बाईंनी स्वतः एक पानभर टाइप केलं पाहिजे, मगच पाठीवर चिठ्ठी लागायची: "चालतो." खाली सही.

ही पद्धत मात्र एका फजितीनंतरची होती.

तीन वर्षांपूर्वी एका कंपनीने दहा मशिनं दिली. "सगळी चालू आहेत" असा छापील कागद सोबत. बाईंनी कागदावर विश्वास ठेवला आणि खोकी न उघडता डोंगरावरच्या एका शाळेत धाडली. तिथल्या हेडमास्तरांनी खोली रंगवून घेतली होती. मुलं नवे कपडे घालून, भांग पाडून ओळीत उभी होती. दहांतली सहा मशिनं सुरूच झाली नाहीत, दोन सुरू होऊन धुरावली. गरीब शाळेला काय, काहीही चालतं, असं देणाऱ्यांना वाटतं. काहीही चालत नाही! उलट तिथेच धडकं मशीन लागतं, कारण बिघडलं तर दुरुस्तीवाला शोधायला चार तासांचा घाट उतरावा लागतो.

हेडमास्तरांनी तेव्हा तक्रार केली नाही, आणि तेच बाईंना लागलं. यंदा बाईंनी तीनदा फोन करून गळ घातली, तेव्हा कुठे हेडमास्तरांचं पत्र आलं. ते बाई चष्म्याच्या घरात घडी करून ठेवत. "पाठवा. पण या वेळी खोली रंगवलेली नाही. मुलांनाही सांगितलेलं नाही. आधी मशीन चालू दे, मग सांगू."

पुढच्या आठवड्यापासून घाटातला पूल दुरुस्तीसाठी तीन महिने बंद होणार होता. म्हणजे आज, नाहीतर शाळेचं हे वर्ष गेलं.

"अशा बघत काय उभ्या राहिलात?" शेजारच्या गच्चीवरून शिवणवाली ओरडली. तिचं शिवणाचं दुकान भिंतीला भिंत लागून होतं आणि कान आणखी जवळ. "सगळी सारखीच तर दिसतायत. बसवा पटापट!"

"सारखी दिसतात, बसत नाहीत," बाई म्हणाल्या. दोन बटणं उलटी करून त्यांनी पोटाशी बोट फिरवलं. "हे बघ, याची दांडी चौकोनी, याची फुलीसारखी. विम्याच्या कचेरीची वेगळी, दवाखान्याची वेगळी, कॉलेजची तिसरीच. सात जाती आहेत एकूण. आधी जाती वेगळ्या करायच्या, मग अक्षरं."

"एकेक उलटी करून बघायची? चार काय, परवापर्यंत नाही होणार!"

लाँड्रीवाले खाली वाकले. मूठभर काळी बटणं उचलून त्यांनी तळहातावर पसरली, उन्हात धरली आणि मान तिरकी केली.

"उलटायला कशाला पाहिजेत? हा काळा निळसर आहे. हा तपकिरीकडे झुकतो. आणि हा धुऊन धुऊन विटलेला काळा."

"मला तर सगळं काळंच दिसतंय," शिवणवाली म्हणाली.

"म्हणून तुझ्या शर्टाची बाही एका रंगाची आणि पाठ दुसऱ्या रंगाची निघते."

बाईंनी त्यांच्या हातातली तीन बटणं उलटी केली. तीन रंग, तीन वेगळ्या दांड्या! त्यांनी आणखी तीन उलटी केली. पुन्हा तेच. मग मात्र त्यांच्या अंगात वारं शिरलं.

"अहो, तुम्ही रंग सांगा, मी अक्षरं लावते. आणि तू, तोंड चालवतेस तसे हात चालव. तुझे रिळांचे कप्प्यांचे डबे घेऊन ये. सगळे!"

शिवणवाली रिळं पलंगावर ओतून डबे घेऊन आली. आणि मग त्या गच्चीवर जे सुरू झालं ते बघण्यासारखं होतं. लाँड्रीवाले चादरीवर गुडघे टेकून बसले, दोन्ही हातांनी धान्य निवडावं तशी बटणं निवडायला लागले. निळसर इकडे, विटका तिकडे, दुधाळ पांढरा समोर, पिवळट पांढरा मांडीशी. नजर क्षणभरही अडखळेना. शिवणवाली प्रत्येक जातीची अक्षरं कप्प्यांत टाकत होती. आणि टायपिंगबाई मांडीवर उघडा कीबोर्ड घेऊन बटणं ठोकत होत्या, न बघता. कुठलं अक्षर कुठे, हे त्यांच्या डोक्याला विचारावंच लागत नव्हतं, बोटांनाच ठाऊक होतं. टक, टक, टक, टक. एक ओळ. टक, टक. दुसरी ओळ.

"एक झाला!"

"पिवळटांत एक दुधाळ घुसलाय, काढ तो," लाँड्रीवाले मान वर न करता म्हणाले.

"कुठाय?"

"तुझ्या उजव्या अंगठ्याखाली."

होता!

अकरापर्यंत तीन कीबोर्ड झाले, बारापर्यंत सात. मशिनांची सहा तासांची आणि पानभराची परीक्षा आधीच झाली होती; आता बाई प्रत्येक कीबोर्डाची तार गच्चीवर आणलेल्या एका मशिनाला लावून एक ओळ टाइप करायच्या आणि एखाद्या पोरीसारख्या ओरडायच्या, "चालतोय!" जेवण झालंच नाही. शिवणवालीने दोन गिऱ्हाइकं गच्चीवरूनच परत पाठवली, तिसरं निवडायला बसवून घेतलं. दोनला चौदा. तीनला अठरा. सव्वातीनला एकोणीस.

विसाव्यात शेवटचं बटण ठोकायला बाईंनी कप्प्यात हात घातला. कप्पा रिकामा होता.

"सात कुठाय? पिवळट पांढऱ्यातला सात?"

चादरी झटकल्या. टब उपडा केला. मोरीची जाळी काढून लाँड्रीवाल्यांनी कोपरापर्यंत हात घातला. खिसे उलटे झाले. सात नव्हता तो नव्हताच. दुसऱ्या जातीचा बसत नव्हता. आणि वीस मशिनांचे कीबोर्ड वीसच होते, एकविसावा कुठून आणणार?

"खोकं बंद करा नि द्या पाठवून," शिवणवाली म्हणाली. "एका बटणाने काय होतंय? कुणाला कळणार?"

"मागच्या वेळी खोकी भरणारा कुणीतरी हेच म्हणाला असणार," बाई म्हणाल्या. "कुणाला कळणार! त्या ओळीत उभ्या राहिलेल्या पोरांना कळलं."

"सात नसला तर पाच नि दोन लिहितील," लाँड्रीवाले पुटपुटले.

बाईंनी त्यांच्याकडे असं पाहिलं, की ते जिना उतरून थेट खाली गेले.

बाई विसाव्या कीबोर्डातल्या त्या भोकाकडे बघत बसल्या. एकोणीस पाठवावेत? वीस सांगितले होते. खोकं उघडल्यावर हेडमास्तर काही बोलणार नाहीत, पुन्हा गप्प बसतील. ती गप्प बसण्याची शिक्षा त्यांना नको होती.

जिन्यावर खुळखुळ वाजलं. लाँड्रीवाले धापा टाकत वर आले, हातात पत्र्याचा गोल डबा. लाँड्रीत शर्टांच्या, कोटांच्या गुंड्या तुटतात. काही लाँड्रीवाले त्या झाडून टाकतात. यांनी चाळीस वर्षं जपून ठेवल्या होत्या, कधीतरी मालक मागायला येईल म्हणून. त्यांनी डबा चादरीवर ओतला, सात-आठ गुंड्या उचलल्या, एकेक कीबोर्डाशेजारी धरून पाहिली.

"ही फार पांढरी. ही गुलाबी मारते. ही... ही बघ! पिवळट, अगदी तोच रंग. कोटाची आहे, पाठीला दांडी पण आहे."

"रंग कसले जुळवताय! बसते का बघा आधी!"

दांडी जाड होती. बाईंनी कानस घेतली आणि घासायला बसल्या. एकदा लावून पाहिली, नाही. पुन्हा घासली. पुन्हा नाही. तिसऱ्यांदा दांडी भोकात बसली. गोंदाचा एक थेंब. बाईंनी श्वास रोखून गुंडी दाबली. खाली गेली आणि टुणकन वर आली.

पडद्यावर सात उमटला!

"उमटला! अहो, उमटला!" टायपिंगबाईंनी नवऱ्याचा ओला हात धरून गदागदा हलवला. शिवणवालीने टाळ्या पिटल्या. परत न जाता बसून राहिलेल्या गिऱ्हाइकानेही पिटल्या, त्याला नीटसं काही कळलं नव्हतं तरी.

लाँड्रीवाल्यांनी खालच्या कपाटातून खुणेच्या शाईची बाटली आणली. हीच शाई काल वापरली असती तर, हे त्या वेळी कुणीही बोललं नाही. त्यांनी काडीने गुंडीवर सात काढला. खाली ट्रकचा भोंगा वाजला. बाईंनी विसावी चिठ्ठी लिहिली, "चालतो," आणि सही केली. ओल्या शाईवर फुंकर मारत लाँड्रीवाले तो कीबोर्ड दोन्ही हातांवर धरून जिना उतरले.

सोमवारी दुपारी फोन वाजला. बाईंनी दुसरी घंटा होऊ दिली नाही.

"बाई, हेडमास्तर बोलतोय. एक तक्रार आहे."

बाई खुर्चीच्या कडेवर बसल्या. "सांगा."

"वीस मशिनं लावली. वीसच्या वीस चालू झाली."

"मग?"

"मग एकोणीस रिकामी आहेत! सगळा वर्ग एकाच मशिनापुढे रांग लावून उभा. त्या गुंडीचं बटण दाबायचंय प्रत्येकाला. पान भरलंय सातांनी! ऐका."

त्यांनी फोन खोलीत धरला असावा. आधी कालवा ऐकू आला, ढकलाढकली, "माझा नंबर, माझा नंबर!", आणि त्यातून, बाईंच्या कानाला चुकणं शक्यच नव्हतं, टक, टक, टक.

"एका बोटाने टाइप करतंय कुणीतरी!" बाई फोनमध्ये ओरडल्या. "सगळी बोटं वापरायला सांगा! पाठ ताठ!"

"सांगतो, सांगतो," हेडमास्तर हसत होते. बाईंनी त्यांना हसताना प्रथमच ऐकलं.

"पण मुलांना सांगितलं नव्हतं ना तुम्ही?"

"कुठलं सांगतोय! खोकी उतरवताना आवाज ऐकून आली, ती घरी जायला तयार नाहीत. आता रंग आणायला माणूस धाडलाय. खोली रंगवून घेतो म्हणतो."

बाईंनी फोन ठेवला आणि चष्मा पुसला. मग पत्र चष्म्याच्या घरातून काढून टेबलाच्या खणात टाकलं.

लाँड्रीवाले पत्र्याचा डबा घेऊन खिडकीशी आधीच बसले होते, एकेक गुंडी उजेडात धरत.

"पूल उघडला की आणखी एकोणीस गुंड्या पाठवू," ते म्हणाले. "भांडणं नकोत पोरांत."

"पाठवा," बाई म्हणाल्या आणि कानस शोधायला लागल्या. "पण शाईने आकडे मी काढणार. तुमचा सात एकासारखा दिसतो."