बहिणीच्या वाटाण्यात सहा घोडे

त्या सकाळी मेमे तोंडुपचे सहाच्या सहा घोडे दुसऱ्याच्या वाटाण्याच्या शेतात सापडले. तिथवर जायची मोकळीक त्यांना मी दिली होती.

झालं असं की, आदल्या संध्याकाळी आम्ही लुंगमर गावाबाहेर ओढ्याकाठी तंबू ठोकले. मेमेंनी घोड्यांच्या पुढच्या पायांना नेहमीसारखे पायबंद घातले आणि ते जळणासाठी शेण्या गोळा करायला गेले. मी लडाखातल्या खालच्या शाम भागातला माणूस. आमच्याकडे हवा उबदार, जर्दाळू पिकतात, जवही लवकर कापला जातो. आणि जव कापला की शेतं मोकळी, गुरांनी हवं तिथे हिंडावं. ओढ्याअलीकडची शेतं कापलेली दिसली. घोडे बिचारे बांधल्या पायांनी टुणटुण उड्या मारत धसकटं शोधत होते. मला दया आली. माझ्या दयेनं आजवर कुणाचं भलं झाल्याचं ऐकिवात नाही, तरी ती मला अधूनमधून येतेच. मी सगळ्यांचे पायबंद सोडून टाकले.

इथं वर झंस्करात रीत वेगळी आहे. गावातलं शेवटचं पीक निघून गाव एकमुखानं 'आता सोडा' म्हणेपर्यंत एकही जनावर मोकळं सोडायचं नसतं. लुंगमरचं शेवटचं पीक त्या दिवशी टेकाडामागे हिरवंगार उभं होतं. मला दिसलं नाही. घोड्यांना दिसलं.

सकाळी आम्ही चहा घेत असताना स्तोबदन आला. तो त्या वर्षीचा लोरापा, म्हणजे शेतांचा राखणदार. दरवर्षी गाव एकाला हे काम देतं आणि ते मिळालं की सरळ माणूसही चालताना छाती काढतो.

"मेमे-ले, ते सहा घोडे तुमचे का?"

मेमेंनी पेला खाली ठेवला. "घोडे माझे." मग माझ्याकडे हनुवटी उडवून म्हणाले, "अक्कल याची."

"कोंडवाड्यात घातलेत. नियम तुम्हाला ठाऊक आहे."

"मी येतो ना," मी पुढे झालो. "चूक माझी आहे, मीच माफी मागतो."

"वाटाणा तू खाल्लास का?"

"नाही."

"मग तू कशाला येतोस?" स्तोबदन म्हणाला.

लुंगमरचा नियम जुना. घोड्याच्या मालकानं स्वतः शेतवाल्याच्या घरी जायचं, चुलीपासून सगळ्यात लांब, दाराशी, जिथे पोरंटोरं बसतात तिथे बसायचं, आपल्या तोंडानं चूक कबूल करायची आणि घरचं जे देतील ते प्यायचं. दंड असा एवढाच. तोवर कोंडवाड्यातल्या जनावराला पाणी मिळतं, चारा मिळत नाही. म्हणजे मालक उगाच वेळ काढत बसत नाही.

"शेत कुणाचं?" मेमेंनी विचारलं.

स्तोबदनची छाती जरा आत गेली. तो आपल्या बुटांकडे पाहत म्हणाला, "कुंझेस-ले यांचं."

मेमेंनी पेल्यातला उरलेला चहा दगडावर ओतला, उठले, आणि एका खोगिराचा तंग उसवला होता तो शिवायला घेऊन बसले.

आता हे मेमे, म्हणजे आजोबा, तोंडुप कोण, ते सांगायला हवं. माझ्याबरोबर इतकी वर्षं डोंगर तुडवलेत त्यांनी की डोंगर फिरायला येणारे पाहुणे आम्हाला सासरा-जावई समजतात. मी वाटाड्या, म्हणजे पाहुण्यांशी गोड बोलणं माझं काम. ओझी, तंबू, रॉकेल आणि घोडे मेमेंकडे. पाहुण्यांशी ते बोलतच नाहीत, बोललेच तर माणूस खडबडून जागा होतो. एकदा एक बाई खिंडीत बसून म्हणाल्या, "माझ्यात आता त्राण नाही, मला इथंच सोडा." मी समजूत घालायला तोंड उघडतोय तोवर मेमे म्हणाले, "पिशवी द्या मग, घोड्यावर टाकतो. पिशवी कशाला सोडायची?" बाई तटकन उठल्या आणि सगळ्यांच्या आधी खाली पोचल्या.

घोड्यांशी मात्र त्यांची बोली ऐकावी. आमच्या भाषेत आदराचा 'ले' मोठ्या माणसांना लावतात. मेमे तो घोड्यांना लावतात. "करमो-ले, पाय जपून," "काळोबा-ले, दगड हलतोय बरं का." पांढरी करमो सगळ्यात म्हातारी. ती पुढे चालल्याशिवाय बाकीचे पाच हलत नाहीत. चढावर ती थांबली की मेमे थांबतात, मग आम्ही थांबतो. पाहुण्यांतले घटकबाबू दर शंभर पावलांवर मला उंची विचारायचे. मी काहीतरी आकडा सांगायचो. एकदा त्यांनी मेमेंना विचारलं, तर मेमे करमोच्या नाकपुड्यांकडे बघून म्हणाले, "हिला अजून दम लागला नाही. म्हणजे फार नाही." घटकबाबूंनी तेव्हापासून मला विचारणंच सोडलं.

गेल्या वर्षी बर्फ अवेळी आलं तेव्हा हाच माणूस करमोचं ओझं आपल्या पाठीवर घेऊन खिंड उतरला होता. मी म्हटलं, "मेमे-ले, घोडी ओझ्यासाठी असते." तर म्हणाले, "तिला विचारलंस?"

तर अशा माणसाची कुंझेस ही सख्खी धाकटी बहीण. तिचं लग्न लुंगमरला झालं तेव्हा वडिलांनी आंदणात एक घोडी दिली. ती मेमेंनी शिंगरू असल्यापासून हातानं वाढवलेली. पुढे कुंझेसच्या नवऱ्यानं ती कारगिलच्या एका व्यापाऱ्याला विकून टाकली आणि घरात टीव्ही आणला. गावातला पहिला. सगळं गाव बघायला गेलं. मेमे आले ते अंगणातच थांबले आणि म्हणाले, "ज्या घरातून घोडी गेली त्या घरात मी पाय ठेवणार नाही." आणि ठेवला नाही. नवरा वारला तेव्हा मेमे सरपणाचा अख्खा भारा घेऊन आले, भिंतीबाहेर ठेवला, दिवसभर उन्हात उभे राहिले, तिरडीमागून चालत गेले, पण उंबरा ओलांडला नाही. दरवर्षी आमचा तांडा लुंगमरला थांबला की कापडात बांधलेल्या गरम रोट्या कुणीतरी आणून देतं. कुणी पाठवल्या हे मेमे विचारत नाहीत. सगळ्या खातात, कापड ओढ्यात धुतात, वाळवतात आणि माझ्या हातात देऊन म्हणतात, "ज्याचं असेल त्याला दे."

म्हणजे आता काय अडलं होतं हे कळलं असेल. घोडे सुटायला हवेत तर मेमेंनी त्या घरात जायला हवं. आणि मेमे तंग शिवत बसले होते.

सूर्य वर आला. नाकपो खिंडीवर ढग जमू लागले. घटकबाबू जवळ होते नव्हते तेवढे सगळे स्वेटर घालून माझ्याजवळ आले. "आपण आज निघणार ना?"

"घोड्यांवर आहे," मी म्हटलं.

"घोडे आजारी आहेत?"

"अटकेत आहेत."

शेवटी मला राहवेना. मी गावात गेलो. आचे कुंझेस, म्हणजे आमच्या बोलीत कुंझेसताई, अंगणात लोकर झाडत होत्या. मी हात जोडून सगळं सांगितलं: पायबंद मी सोडले, म्हाताऱ्याचा दोष नाही, घोडे सोडून द्या.

"वाटाण्याचं मला काही नाही, नोनो," त्या धाकट्या भावाशी बोलावं तसं म्हणाल्या. "वाळवून भाजून मीच खाल्ला असता, तो त्यांनी ओला खाल्ला. पण गावाचा नियम आहे."

"तुम्ही म्हणालात तर स्तोबदन ऐकेल."

"ऐकेल की. पण मी म्हणणार नाही." त्यांनी काठी लोकरीवर दोनदा हाणली. "त्या माणसाला या दारातून आत आणायला सहा घोडे लागले. आणि मी ते सोडून देऊ होय? वेडा की काय तू!"

तेवढ्यात कोंडवाड्याकडून करमोचं खिंकाळणं ऐकू आलं. बारीक, चिरकं, म्हातारं. आचे कुंझेसनी काठी थांबवली. "सकाळपासून ओरडतेय," त्या म्हणाल्या. "घोडी म्हातारी दिसते."

"तुमच्या घोडीच्या बहिणीची लेक आहे ती," मी म्हटलं. हे मी खरं सांगितलं की त्या घडीला सुचलं, ते मला आजही नक्की सांगता येणार नाही.

मी परतलो तर मेमे उभे होते. तंग शिवून झाला होता, खोगिरावर नीट चढवला होता. त्यांनी अंगरख्याचा कमरपट्टा सोडून पुन्हा घट्ट बांधला, टोपी झटकली आणि मला म्हणाले, "चल. दार दाखव."

दार त्यांना माहीत होतं. पण मी पुढे झालो.

घराचं दार ठेंगणं. वाकूनच आत जावं लागतं. मेमे वाकले, उंबऱ्यापाशी क्षणभर थांबले, आणि आत आले. चुलीपाशी म्हाताऱ्यांची जागा रिकामी होती; तिकडे न पाहता ते दाराशी, शेण्यांच्या टोपलीशेजारी बसले. लडाखातला इतका वयस्क माणूस त्या जागी बसलेला मी पहिल्यांदाच पाहत होतो. स्तोबदन साक्षीला आला होता. त्यालाच बसवेना, तो उभाच राहिला.

समोर भिंतीशी टीव्ही होता. त्यावर भरतकाम केलेलं कापड घातलं होतं. मेमेंनी एकदा तिकडे पाहिलं.

"बंद आहे," आचे कुंझेस म्हणाल्या. "कधीचाच."

मेमेंनी घसा साफ केला. "माझ्या घोड्यांनी तुमचा वाटाणा खाल्ला. चूक झाली."

तुमचा! बहिणीला! पण नियमाचं बोलणं ते, परक्यासारखंच करायचं असतं. आचे कुंझेस उठल्या. लोणी-मिठाचा चहा घुसळून तयार होता. त्यांनी वाटी मेमेंसमोर ठेवली, काठोकाठ भरली आणि किटली हातात धरून उभ्या राहिल्या. "घ्या."

इथं जरा थांबतो. आमच्याकडे पाहुण्यानं लगेच घ्यायचं नसतं. नको म्हणायचं, आत्ताच घेतलाय म्हणायचं, वाटीवर हात धरायचा; घरच्यानं आग्रह करायचा, पुन्हा नको म्हणायचं. या आढेवेढ्यांना आम्ही झांग्स म्हणतो आणि ज्याला ते येत नाहीत त्याला वळण लावलेलं नाही असं समजतो. मेमे तोंडुप या विद्येत पोचलेले. त्यांना चहा पाजणं म्हणजे चढ चढण्यासारखं. एका लग्नात तर त्यांचे आढेवेढे संपेपर्यंत वरात निघून गेली होती. झांग्स फक्त एका ठिकाणी करत नाहीत: आपल्या स्वतःच्या घरी. घरात कोण कुणाला नको म्हणणार?

मी मनात म्हटलं, आता दुपार इथंच जाणार. स्तोबदननंही भिंतीला पाठ टेकली.

आणि मेमेंनी वाटी उचलली. तोंडाला लावली. एका दमात रिकामी करून खाली ठेवली.

आचे कुंझेसच्या हातातली किटली तशीच हवेत राहिली. आग्रह करायला उघडलेलं तोंड त्यांनी मिटलं. मग पुन्हा वाटी भरली. या वेळी त्या 'घ्या' म्हणाल्या नाहीत. मेमेंनी तीही उचलली आणि संपवली.

"मीठ बरोबर आहे?" आचे कुंझेसनी हळूच विचारलं.

"कमी आहे."

पाहुणा असं बोलत नाही. पाहुणा चुलीतली राख चाखूनही वा वा म्हणतो. आचे कुंझेस हसायला लागल्या. अशा हसल्या की किटलीच्या तोटीतून चहा जमिनीवर सांडला. "अचो-ले, वर बसा की," त्या म्हणाल्या; अचो म्हणजे दादा. "ती पोरांची जागा आहे."

"आधी घोडे सोडायला सांग, नोमो," मेमे म्हणाले. "मग बसणं."

नोमो म्हणजे धाकटी बहीण. किती वर्षांनी त्यांनी ही हाक मारली असेल, याचा हिशेब मी करत बसलो नाही, कारण तोवर दोघंही दारातून बाहेर पडले होते. आचे कुंझेसनी जाता जाता छपरावरचा वाळलेल्या गवताचा मोठा भारा ओढून खांद्यावर घेतला. मेमेंनी तो घ्यायला हात पुढे केला तर म्हणाल्या, "राहू द्या, तुमची पाठ गेल्या वर्षी गेलीय. मला सगळं कळतं."

कोंडवाड्यात सहाही घोडे भिंतीवरून माना काढून उभे होते. वाटाणे केव्हाच पचले होते. आचे कुंझेसनी पहिलं गवत करमोला घातलं आणि तिचे कान चाचपून, दात बघून म्हणाल्या, "हिचं कपाळ अगदी तिच्यासारखं आहे हो." मेमे बहिणीच्या हातातून सांडणारं गवत खाली वाकून उचलत राहिले, आणि जो घोडा जास्त ढकलाढकली करील त्याला "काळोबा-ले, शिस्त" म्हणत राहिले.

ढग त्या दिवशी बरसलेच नाहीत. दुसऱ्या सकाळी आम्ही नाकपो खिंडीत पोचलो. पाहुणे पताकांपाशी फोटो काढत होते, घटकबाबू उंचीसाठी करमोच्या नाकपुड्या न्याहाळत होते. मेमे एका दगडाला टेकून बसले होते, मांडीवर कापडात बांधलेल्या रोट्या. मला वाटलं, हीच वेळ.

"मेमे-ले," मी जवळ बसून म्हटलं, "काल तुम्ही जे केलंत ना, तसं आमच्या शाममध्ये कुणाला जमलं नसतं. एवढी वर्षं धरलेला राग, आणि तो दोन वाट्या चहात संपवलात. झांग्ससुद्धा केले नाहीत. तोंडानं एक शब्द न बोलता बहिणीला सांगितलंत की हे घर माझं आहे. माझ्या तर डोळ्यांत पाणी आलं. खरं सांगा, वाटी उचलताना मनात काय होतं?"

मेमेंनी रोटीचा तुकडा मोडला, चावला, गिळला.

"घोडे उपाशी होते."