पंख हलवले, तरी उत्तर नाही

आमच्या रडार रूममध्ये बाहेरच्या माणसाला प्रवेश नाही, त्यामुळे किस्से आतल्या आत साठत जातात. माझं काम म्हणजे स्क्रीनसमोर बसून आमच्या फायटर पायलटला दिशा सांगायची. अनोळखी विमान तिकडे आहे, जा, कोण आहे बघून ये! बघायला जातो तो सुंदर. तंजावरकडचा मराठी गडी, निम्मे किस्से त्याचेच.

*

हूटर वाजला की हातातला घास टाकून विमानाकडे धावायचं, ही पायलटांची सवय. सुंदरचं लग्न चेन्नईजवळ तांबरमला होतं. मंगळसूत्र बांधायच्या क्षणी तिथल्या रीतीप्रमाणे नादस्वरम् आणि ढोल एकदम दणक्यात वाजले. नवरदेव उठून दाराकडे पळाला!

सासरे ओरडले, "मापिळ्ळै! अहो जावई, मुलगी इकडं आहे!"

*

मीही काही कमी नाही. स्कूटरवर मागे बसले की नवऱ्याला डिग्रीत दिशा सांगते. चेन्नईच्या जॉर्ज टाउनच्या गर्दीत तो शांतपणे म्हणाला, "मॅडम, समोर गाय आहे. ओळख पटली. पुढची ऑर्डर?"

*

एकदा एक छोटं परदेशी विमान वाट चुकून आलं. सुंदर त्याच्या शेजारी पोचला.

"कोण आहे?" मी रेडिओवर विचारलं.

"खिडकीत एक आजी आहेत. माझा फोटो काढतायत."

"बरं, ये मग परत."

"थांबा हो मॅडम, पहिल्या फोटोत मी हललो!"

*

पण त्या दुपारी कुणी हसत नव्हतं. एक परदेशी मालवाहू विमान समुद्रावरून सरळ चेन्नईकडे येत होतं. रेडिओवर हाका मारून आमचे घसे बसले, उत्तर नाही. आमचे साहेब फोन कानाला लावून उभे. वरच्या अधिकाऱ्यांकडून एकच प्रश्न येत होता, पाडायचं का? आत माणसं होती हो!

"सुंदर, काय दिसतंय?"

"पंख हलवून 'माझ्या मागे ये' अशी खूण केली. उत्तर नाही. अजून जवळ जातो."

मग म्हणाला, "मॅडम, दोघंही पायलट माना टाकून बसलेत."

"जिवंत आहेत?"

"कळत नाही. नाकासमोरून जाऊन बघतो."

साहेबांनी फोनवर सांगितलं, "एक मिनिट द्या." सुंदर गर्जत त्यांच्या पुढ्यातून गेला. ते विमान गदागदा हललं.

तेवढ्यात रेडिओवर एक जाड, झोपाळलेला आवाज आला, "गुड मॉर्निंग! तुम्हाला काही मदत हवी आहे का?"