सोनवणे मामांच्या चुका

लेथ मशीनखाली कातलेल्या लोखंडाच्या चिप्स साचतात ना, तसे किस्से साचतात. आज झाडून घ्या, उद्या दुपारी परत ढीग! अंबडच्या आमच्या छोट्या वर्कशॉपमध्ये मी तयार माल तपासते आणि घरी जाऊन डायरी लिहिते. निम्मी डायरी सोनवणे मामांनीच भरलीय. वय सदुसष्ट, त्यातली चाळीस वर्षं लेथवर. धाकट्या शेठना त्यांना घरी बसवायचंय, आणि मामा बसायला तयार नाहीत!

*

मामांना नावं लक्षात राहत नाहीत. नवा इंजिनिअर रोहन सोमवारी राहुल, मंगळवारी रोहित!

"मामा, रोहन!" तो वैतागला.

"असंल. मशीनसारखं तुझं बेअरिंग वाजाया लागलं की बरोबर ध्यानात राहशील!"

*

एकदा लेथवर लोखंड पकडणारा चक आवळायची चावी चकमध्येच राहिली आणि मामांनी लेथ चालू केला. चावी उडाली ती खिडकीची काच फोडून बाहेर! कुणाला लागलं नाही. मामा स्वतः जाऊन चावी शोधून घेऊन आले.

आठवड्याने सिन्नरच्या घरून मामींचा फोन. "ताई, हे उशाखाली लोखंड घेऊन झोपतात!"

मामांना विचारलं. म्हणाले, "चावी माझ्यापाशी हाय, म्हणजे चकमध्ये नाय!"

*

धाकट्या शेठनी मामांना मेंदूच्या डॉक्टरांकडे पाठवलं. सोबत मी. डॉक्टरांनी स्कॅनवर बोट ठेवलं. "हा हिप्पोकॅम्पस. नव्या गोष्टी साठवायला लागतो. वयाने जरा आक्रसलाय. चूक झाली की सावध करतो तो हा पुढचा भाग. तो बरा दिसतोय."

मामांनी मला कोपर मारलं. "म्हणजे ताई, स्टोअर गळतंय, पण इन्स्पेक्शन चालू हाय!"

डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. "हे मी बाकीच्या पेशंटना सांगू का?"

*

तरी शेठनी अट घातलीच. एका दिवसात लेथवर तीस शाफ्ट कातायचे. एक जरी रिजेक्ट झाला, तर मामा घरी. निवृत्तीचं पत्र टाइप करून तयार!

दुपारी मामांनी एक शाफ्ट मोजला, स्वतःच त्यावर लाल रंग फासला आणि रिजेक्टच्या पेटीत टाकला.

मी कुजबुजले, "मामा, मला दाखवायचा तरी आधी!"

"केसभर कमी हाय. तुम्ही काय वाढवून देणार?"

बाकी सगळे ओके निघाले. संध्याकाळी शेठ पत्र घेऊन आले. "मामा, एक गेलाच!"

"गेला. का गेला ते कळलं. म्हणून पुढचा नाय गेला."

मामांनी चष्मा लावून पत्र शेवटपर्यंत वाचलं. ब्रश बुडवला, पत्रावर लाल पट्टा ओढला, पत्र त्याच पेटीत टाकलं आणि लेथ चालू केला.

मी रिपोर्ट भरला. रिजेक्ट दोन : एक शाफ्ट, एक कागद.

शेठनी रिपोर्ट दोनदा वाचला. मग सही केली.