आष्टीच्या मावशीचा हातगुण

आष्टीची मावशी माणसाचं तोंड नंतर बघायची, आधी तळपाय. कुणी पाहुणा सतरंजीवर पाय पसरून बसला, की तिची नजर तिकडे गेलीच. "हे पाय रातभर जागतात," असं ती तोंडावर सांगायची आणि पाहुणा ओशाळून पाय पोटाशी घ्यायचा. तिच्या मते दिवसभराची उष्णता आणि काळजी अंगातून उतरत उतरत तळव्यात येऊन साचते. ती काढायची काशाच्या वाटीने. तळव्याला गाईचं तूप लावून वाटी पालथी धरायची आणि तळवा काळा पडेपर्यंत घासत राहायचं. "बघ, किती निघून राह्यलं," म्हणत ती काळं झालेलं फडकं समोरच्याच्या नाकापुढे धरायची.

ही माझ्या आईची थोरली बहीण. मोतीबिंदूच्या ऑपरेशनसाठी पंधरा दिवस म्हणून जुन्या जालन्यातल्या आमच्या घरी आली आणि अडीच वर्षं राहिली. राहिली ती माझ्यामुळे. आई गेल्यापासून माझी झोप उडाली होती. कचेरीत आवक-जावक बघणारा मी कारकून, मुळातच कमी बोलणारा. कुणाला काही सांगितलं नव्हतं. डोळ्यावर हिरवी पट्टी असतानाच मावशीने माझे पाय ओळखले. बायको, सुनंदा, म्हणाली, "मावशी, आधी तुमचा डोळा तरी बरा होऊ द्या."

"एका डोळ्यानं बराबर दिसतंय मला. अन् मी फुकट खात न्हाई कुणाकडं. भाकरी खाते तर हाताचं काम देते."

तेव्हापासून रोज रात्री जेवणं आटोपली, की मी पलंगावर पाय सोडून पडायचो आणि मावशी स्टुलावर बसून पाऊण तास वाटी फिरवायची. तिची बोटं सांध्यांशी सुजलेली होती. मधूनच थांबून ती मूठ उघडझाप करायची आणि पुन्हा सुरू. त्या पाऊण तासात ती आईच्या लहानपणच्या गोष्टी सांगायची, मीही चार शब्द बोलायचो. मग माझे डोळे जड व्हायचे. "बघ सुनंदा, गेला!" हे तिचे शब्द झोपेत शिरता शिरता माझ्या कानावर पडायचे. सकाळी चहाआधी तिचा प्रश्न ठरलेला, "झोप लागली का बाळू?" मी म्हणायचो, "लागली."

आता खरं सांगतो. मावशी आली त्याच आठवड्यात मी डॉक्टरकडून झोपेची गोळी लिहून घेतली होती. पंधरा दिवसांपुरती घ्या, असं त्यांनी बजावलं होतं. मी ती अडीच वर्षं घेतली. रोज बाथरूममध्ये जाऊन नळ सोडायचा, गोळी गिळायची आणि बाहेर येऊन मावशीच्या हातात पाय द्यायचे. पहिल्याच दिवशी सांगणार होतो. पण सकाळी तिचा चेहरा असा फुलला होता, की जीभ उचलली नाही. दुसऱ्या दिवशी सांगणं जास्त अवघड झालं. पुढे तर रोज थोडं थोडं अवघड होत गेलं. म्हातारी सुजलेल्या बोटांनी राबत होती आणि श्रेय घ्यायला मी तिला एक खोटी झोप देत होतो.

तरीही हे घरातल्या घरात राहिलं असतं. पण खालच्या मजल्यावर एक निवृत्त गुरुजी राहत होते, एकटेच. तेही बरीच वर्षं झोपेच्या गोळीवर होते. मावशीने त्यांना गाठलं. "आमच्या बाळूकडं बघा गुरुजी, दिवस उजाडंस्तोवर कूस बदलत न्हाई. ह्या गोळ्या द्या फेकून अन् पाय धरा माझ्यापुढं." गुरुजी शहाणे माणूस. जिन्यात मला थांबवून त्यांनी हळूच विचारलं, "अहो, खरंच नुसत्या वाटीने झोप येते?"

सगळं सांगायला तो जिना पुरेसा होता. मी म्हणालो, "हो."

गुरुजींनी गोळ्या एकदम बंद केल्या. मावशी रोज संध्याकाळी खाली जाऊन त्यांचे तळवे घासू लागली. त्यांना तीन रात्री डोळ्याला डोळा लागला नाही. चौथ्या दिवशी सकाळी दूध आणायला निघाले, घेरी आली आणि ओट्यावरून पडले. मनगट मोडलं. प्लास्टर घालून घरी आले, तेव्हा मावशीने त्यांच्यापुढे हात जोडले. त्या दिवसापासून तिने वाटीला हात लावला नाही. माझ्या पायांनाही नाही.

असे आठ दिवस गेले आणि मी गप्पच होतो. आजही ते आठ दिवस मला अडीच वर्षांपेक्षा जड वाटतात. रविवारी दुपारी मावशी मेथी निवडत बसली होती. मधेच हात थांबवून ती बोटांकडे बघत म्हणाली, "हातातलं गेलं रे माझ्या. तुझ्यापुरता राह्यलाय गुण. तोबी जाईल म्हणून भ्या वाटतं."

मी तिच्यासमोर खाली बसलो आणि सगळं सांगून टाकलं. गोळी, नळ, जिना, सगळं.

उरलेली मेथी मावशीने काडी न् काडी निवडली. दारात उभी असलेली सुनंदाच आधी बोलली, "म्हणून नळ सोडत होतात? मला वाटायचं, आईंच्या आठवणीने आत रडता."

मग मावशीने विचारलं, "गुरुजीला सांगितलंस का?"

"नाही."

"मंग ऊठ, जल्दी जा. ते बिचारे सोताला बोल लावून राह्यले अन् मी मला."

गुरुजींनी ऐकून घेतलं आणि प्लास्टरचा हात उंचावून म्हणाले, "म्हणजे खोट माझ्यात नव्हती तर!" त्यांना खरोखर आनंद झाला होता. मग आठवण आल्यासारखे रागावले. "माझ्या वर्गात असतात, तर महिनाभर अंगठे धरून उभं केलं असतं तुम्हाला."

वर आलो तर मावशी पिशवीत लुगडी भरत होती.

"निघालीस?"

"काय करू राहून? काम गोळीनं केलं, भाकरी मी खाल्ली."

मी आयुष्यात कुणाला थांबवलेलं नव्हतं. तेव्हा पिशवीचा बंद धरला. "झोप गोळीने आणली मावशी. पण आई गेल्यावर मी तोंड उघडलं ते तुझ्यापुढेच. त्या पाऊण तासात."

"येड्या, हे बायकोपुढं बोलत्यात का?" असं म्हणून तिने सुनंदाकडे बघितलं. सुनंदाने पिशवी उचलून कपाटावर टाकली. मावशीचा हात काही तिथे पोचत नव्हता.

मावशी राहिली, पण अटी घालून. "डॉक्टरला इचारून गोळी कमी कर. एकदम फेकायची न्हाई. गुरुजीच्या टायमाला ती चूक मी केल्ती. अन् सकाळी इचारीन त्याचं खरं उत्तर द्यायचं." त्यानंतर कित्येक सकाळी मी "नाही लागली" असंच सांगितलं. प्रत्येक वेळी ती खूश व्हायची.

वाटी पुन्हा सुरू झाली, पण आता मावशी सगळ्याच बाजूंनी कामाला लागली. चारनंतर चहा बंद. "चहा म्हंजी झोपेची सवत." माझा मोबाईल रात्री नऊला ज्वारीच्या डब्यात. दिवेलागणीला जेवण, मग गुरुजींना सोबत घेऊन चक्कर. झोप येईना, तर पलंगावर तळमळत पडायचं नाही. उठून लसूण सोलायचा. त्या पावसाळ्यात आमच्याकडे आणि गुरुजींकडे मिळून इतका लसूण सोलून झाला, की सुनंदा गल्लीत वाटत सुटली. मी एकदा वैतागून म्हणालो, "मावशी, कधी येणार ही झोप?"

"झोप सोयरीक बघायला आलेल्या पाव्हण्यावाणी असती. दारात उभं राहून वाट बघितली, की पाव्हण्याला वाटतं पोरीत खोट हाय. तू आपलं काम कर, ती येती."

दिवाळीच्या आसपास ती आली. एका रविवारी डोळे उघडले तेव्हा उन्हं खिडकीत होती. दाराबाहेर मावशी स्टूल टाकून बसली होती आणि दूधवाल्याला दबक्या आवाजात झापत होती, "भांडं वाजवू नको, मुडद्या. आमचं लेकरू झोपलंय." लेकरू पन्नाशीला टेकलं होतं. गोळीचा शेवटचा तुकडा बंद होऊन तेव्हा तीन आठवडे झाले होते.

त्यानंतर आठवडाभरात तिने स्वतःच सुनंदाकडून पिशवी काढून घेतली आणि मी तिला आष्टीला जायला परतूरच्या बसमध्ये बसवून दिलं. ती हसत गेली. तिच्या मुलाकडे, भास्करकडे, पुढची तीन वर्षं ती सुखात होती. गेल्या उन्हाळ्यात चार दिवसांच्या तापाचं निमित्त झालं आणि ती गेली.

आम्ही दुपारी आष्टीला पोचलो. संध्याकाळी सगळं उरकलं. रात्री बायका घरात रडत होत्या, पुरुष ओसरीवर बसून होते. मीही भिंतीला टेकून जागाच राहणार होतो. कधी आडवा झालो ते कळलं नाही. जाग आली तेव्हा लख्ख उजाडलं होतं. शेजारची एक आजी सगळ्यांना ऐकू जाईल अशी म्हणाली, "सख्खा भाचा म्हणं! आमचा रातभर डोळा लागला न्हाई अन् ह्यो घोरून राह्यला." सुनंदाने मान खाली घातली.

प्रवासाचा शीण, डोकं दुखत होतं, असं काहीतरी मी पूर्वी नक्की सांगितलं असतं.

"हो आजी," मी म्हणालो, "झोपलो. गाढ झोपलो." आणि तोंड धुवायला हौदाकडे गेलो.